मांजराची बिनआईची पिल्लं हाताने वाढवलीत का? दूध-पाण्याचे अनुभव लिहा

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीत जिन्याखाली नाहीतर मीटरच्या खोक्यामागे पिल्लं सापडतातच, काहींचे तर डोळेही उघडलेले नसतात. लोक कळवळून लगेच गाईच्या दुधाची वाटी पुढे करतात आणि तिथेच घोळ होतो. ज्यांनी अशी पिल्लं वाढवलीत त्यांनी प्लीज इथे लिहा, बारीकसारीक सगळं लिहा. माझ्याकडून एकच, आधी ऊब मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही, ते पोटात तसंच राहतं. तोंडात बोट घालून बघायचं, आतून गार लागलं तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे त्याला नको झालं तर दुसरीकडे सरकता येतं. अंग हळूहळू गरम झालं, पिल्लू तोंड हलवून शोधायला लागलं, की मग पाजायचं.

*

ताई, त्याच्याही आधी एक. पिल्लं स्वच्छ, गोल पोटाची आणि गप्प झोपलेली असतील तर उचलूच नका, भाटी जवळपासच असते, जागा बदलायला निघालेली असते. लांबून काही तास नजर ठेवा. पावसात भिजत असतील, कुत्रे असतील, तर गोष्ट वेगळी.

*

आमच्याकडे तीन पिल्लं आली होती, जेमतेम आठवड्याची. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रोटीन आणि फॅट कमी, लॅक्टोज जास्त, म्हणून जुलाब लागतात. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते तीच आणली, डब्यावरच्या मापाने कालवायची, मनाने पातळ-घट्ट नाही. मनगटावर थेंब टाकून कोमट लागलं की पाजायचं. आणि प्लीज प्लीज, तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका!! पोटावर ठेवायचं, आईला पितं तसं, मान किंचित वर. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज वापरली, थेंब थेंब, ते गिळेल तेवढंच. दाबून पिचकारी मारली की दूध श्वासनलिकेत जातं, त्याने न्यूमोनिया होतो. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबायचं. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, नवरा आणि मी पाळी लावायचो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांवर आलं.

*

शी-शूचं कोणीच लिहिलं नाही. पहिले तीनेक आठवडे ती आपली आपण करतच नाहीत, आई चाटते तेव्हा होते. प्रत्येक वेळी पाजताना कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा शी-शूच्या जागेवर अलगद फिरवायचा. आणि शूचा रंग बघा, इतक्या लहान पिल्लाची जवळजवळ पाण्यासारखी असते, गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

*

वरच्या मुद्द्याला जोडून, मी नागपूरचा, इथे मे महिन्यात हेच जास्त बघायला मिळतं. चामडी चिमटीत धरून सोडायची, लगेच जागेवर आली नाही तर पाणी कमी, ही युक्ती मोठ्या मांजराला ठीक आहे, इतक्या लहानावर तिचा भरवसा नाही, त्यापेक्षा हिरड्या बघा, ओलसर गुलाबी हव्यात, बोटाला चिकट लागल्या तर धोका. आमच्या पिल्लाला जुलाब लागले तेव्हा डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं आणि घरी थेंबाथेंबाने ओआरएस द्यायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत ओरडायला लागलं, इतका आनंद झाला म्हणून सांगू. निपचित पडलेल्या पिल्लाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, ऊब देत थेट डॉक्टर गाठा.

*

किचनचा डिजिटल काटा घ्या, रोज एकाच वेळी वजन लिहा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वाढ थांबली की दुसरं काही दिसायच्या आत तिथे कळतं.

*

माझं पिल्लू चार आठवड्यांचं झालंय, सिरिंज चावतं! पाणी ठेवू का?

*

हो, ठेवा, पण उथळ बशीत, खोल वाटीत नाक बुडतं. पावडरच्या दुधात पिल्लांचं ओलं खाणं कालवून बशीत द्या, थोडे दिवस सगळं अंगालाच लागेल, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. चिकन द्यायचं तर नुसतं उकडून बारीक करून, कांदा-लसूण अजिबात नाही. सिरिंजने पाजणं एकदम बंद करू नका, बशीतलं पोटभर खायला लागलं की एकेक वेळ कमी करा.