सभेत तोंडावर बोलावं की मान राखून?

मुलुंड_चेकनाका
आमच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी नुकतीच विशेष सर्वसाधारण सभा झाली. विकासकाने पाठवलेला कराराचा मसुदा सचिवकाकांनी वाचून दाखवला. वाचन संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण सभासद उठली. "निविदेत बँक गॅरंटीची अट होती, मसुद्यात ती दिसत नाही. का?" काका म्हणाले, "ते नंतर बघू." त्यावर ती म्हणाली, "काका, एक तर तुम्हाला यातलं कळत नाही, नाहीतर कळूनही तुम्ही लपवताय. काय ते सांगून टाका."

काका सत्तरी ओलांडलेले. इतकी वर्षं पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सगळं बिनपैशाने बघितलेलं. त्यांनी फाइल मिटली आणि खाली बसले. पुढचा सगळा वेळ सभा एकाच विषयावर बोलत राहिली : वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं. गॅरंटीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

प्रश्न शंभर टक्के रास्त होता. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ ला जे निर्देश काढले, त्यांत विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी, म्हणजे तो चुकला तर पैसे देण्याची बँकेची हमी, द्यावी असं आहे. काम अर्धवट टाकून तो गेला तर सभासदांच्या हातात तेवढंच उरतं. म्हणूनच मला तिचं दुसरं वाक्य खटकलं. ज्यांना उत्तर द्यायचं नव्हतं त्यांना त्या वाक्याने आयती पळवाट मिळाली. माझं मत असं की समूहात खरं बोलणाऱ्याने आपलं म्हणणं शेवटपर्यंत टिकेल याचीही जबाबदारी घ्यावी. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_गिरगाव
साफ अमान्य. विषय भरकटला याचा दोष तिच्या माथी कसा? तिने पहिला प्रश्न अगदी सभ्यपणे विचारला होता. त्याला मिळालं काय? "नंतर बघू." मुंबईतल्या सोसायट्यांत या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा विचार करा. पुनर्विकासाचा करार २००८ चा. लोक घरं रिकामी करून भाड्याच्या जागेत गेले आणि दहा वर्षं उलटून गेली तरी हक्काचं घर हाती आलं नव्हतं. वाट बघता बघता त्यांच्यातले कितीतरी म्हातारे गेले. हे डोळ्यांसमोर असताना कुणाला वाईट वाटेल म्हणून शब्द गिळायचे? घर जाण्यापेक्षा काकांचा रुसवा परवडला.

आणि तासभर संस्कारांवर बोलणाऱ्या त्या माणसांतल्या एकालाही "काकांचा मान राहू दे, पण गॅरंटीचं काय?" एवढं म्हणता आलं नाही? मला राग त्यांचा येतो, तिचा नाही.

माजी_सचिव_बोरिवली
पत्राचाळ काढलीत म्हणून विचारतो : "लपवताय" या शब्दाने गॅरंटी मसुद्यात परत आली का?

मी हे काम केलेलं आहे. "कळत नाही" हे माणूस पचवतो, कारण बऱ्याचदा ते खरंच असतं. एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), फंजिबल (त्यावरचं जादा बांधकाम), कॉर्पस (विकासक सभासदांना देतो तो निधी), सल्लागाराचा अहवाल हे सगळं आम्ही उतारवयात शिकलो. "लपवताय" ही गोष्ट वेगळी. तो स्पष्टपणा नाही, आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो. सहकारी संस्था अधिनियमाखाली सभासदाला ठरावीक कागदपत्रं बघण्याचा हक्क आहे. निविदा आणि मसुदा शेजारी ठेवायचे, फरकावर बोट ठेवायचं. मग काकाच काय, कोणीही "नंतर बघू" म्हणून सुटू शकत नाही.

शिवाय अशा सभेनंतर समितीवर यायला कोण तयार होतं ते बघा. चांगली माणसं घरी बसतात. उरतात ते, ज्यांना शिव्या खाण्याचं काहीच वाटत नाही. अशांच्या हाती पुनर्विकास जाणं केवढं महाग पडतं, तेही सांगायला हवं.

सांताक्रूझ_धावपट्टी
मी विमानतळावर काम करतो. आमच्या प्रशिक्षणात एक घटना शिकवतातच. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफे बेट, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीतलं मोठं नाव, इतरांना शिकवणारा. त्याने उड्डाणासाठी वेग घेतला तेव्हा फ्लाइट इंजिनिअरला शंका आली की समोरचं पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्याने विचारलं, ते बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली.

तो इंजिनिअर चुकीचं काही बोलला नव्हता. अदबीने बोलला, एकदाच बोलला आणि वरिष्ठाच्या एका शब्दावर थांबला. त्यामुळे मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीचा दुसऱ्यांदा उभं राहण्याचा आग्रह फार मोलाचा वाटतो. पहिल्या "नंतर बघू"वर आपल्यातले बहुतेकजण खाली बसले असते.

पण अशा अपघातांनंतर विमानसेवांनी कर्मचाऱ्यांना ओरडायला शिकवलं नाही, हेही सांगतो. शिकवलं ते असं : आधी त्या माणसाला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारा. काळजी वाटते हे उघड सांगा. अडचण काय ती सांगा. उपाय सुचवा. शेवटी विचारा, पटतंय का? यात गुळमुळीत काहीही नाही आणि समोरच्याची लायकी काढणारंही काही नाही. "काका, मला भीती वाटते. गॅरंटीशिवाय काम बंद पडलं तर आपल्या हातात काही नाही. ती अट आल्याशिवाय मसुदा मंजूर करू नये असं मी सुचवते. तुमचं काय म्हणणं?" यावर "नंतर बघू" म्हणणं बरंच अवघड आहे.

परळ_नाका
धावपट्टीवाल्या दादांचं पटलं, तरी एक गोष्ट सगळेच विसरताय. कॉकपिटमध्ये निदान प्रत्येकाला हुद्दा असतो. सभेत काहींना तोही नसतो.

यजमान गेल्यावर खोली माझ्या नावावर झाली आणि मी सभेला जायला लागले. आमचे अध्यक्ष टेबलावर हात आपटून बोलले की लोक म्हणतात, माणूस स्पष्टवक्ता आहे. तेच वाक्य मी हळू आवाजात बोलले तरी "बाई फार बोलतात". तोंडावर बोलण्याची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही. म्हणून रोखठोकपणाचं कौतुक होतं तेव्हा मला धास्ती वाटते. त्याचा फायदा मोठ्या आवाजालाच होतो. माझ्यासारख्या चारजणी एकाला खाली बसवलेलं बघतात आणि पुढच्या सभेत तोंड उघडत नाहीत.

आणि "मान राखा" या उपदेशाचीही मला तेवढीच धास्ती वाटते. तोही आम्हालाच ऐकवला जातो. काकांनी प्रश्न टोलवला, तो त्या मुलीचा अपमानच होता ना? त्याबद्दल त्यांना सभेत कुणी एक शब्द तरी बोललं का?

मुलुंड_चेकनाका
नाही, कुणी बोललं नाही. परळताई, तुमचा हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. प्रश्न टोलवणं आपण सभ्यपणात धरतो, कारण ते शांत आवाजात होतं.

डोंगरीचा_वाचक
मुंबईतलंच एक उदाहरण देतो. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, म्हणजे कोल्हापूर प्रकरणात, टिळक आणि आगरकरांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे सुटले. तिथे त्यांचे रात्ररात्र वाद चालत. आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे. ते वाद त्यांच्या मैत्रीला बाधले नाहीत. उलट बाहेर येऊन दोघे पुन्हा एकाच कामाला लागले.

पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर तेच दोघे फाटले. १८८७ ला आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ ला 'सुधारक' निघाला आणि दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जहरी लिखाण झालं. माणसं तीच, बुद्धी तीच, प्रामाणिकपणाही तोच. मला फरक दिसतो तो श्रोत्यांचा. कोठडीत हरायला लाज नव्हती, कारण बघायला कुणी नव्हतं. चारचौघांत माणूस मुद्दा सोडून अब्रू सांभाळायला लागतो. म्हणून म्हणतो, अशी गोष्ट आधी काकांच्या घरी जाऊन, चहा घेत स्पष्ट सांगावी. तिथे "लपवताय" म्हटलं तरी चालेल.

रोखठोक_गिरगाव
डोंगरीवाल्यांनी फार नेमकं लिहिलंय, पण निष्कर्ष मला मान्य नाही. पुनर्विकासाचे सगळे घोळ अशा घरातल्या चहावरच ठरतात! सभेत बोलण्याचा उपयोगच हा की ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि इतिवृत्तात येतं. टिळक-आगरकर उघड भांडले म्हणूनच महाराष्ट्राला दोन्ही बाजू वाचायला मिळाल्या. त्या दोघांना त्रास झाला, समाजाचा फायदा झाला.

माजी सचिवांचं एक मान्य करतो. "लपवताय" म्हणण्याआधी हातात कागद हवा होता. "कळत नाही" हे मात्र मी मागे घेणार नाही. ज्याला मसुदा कळत नाही त्याने तो सभेपुढे ठेवू नये, आणि हे त्याला सभेतच सांगायला हवं.

परळ_नाका
सभेतच सांगा, पण त्याच सभेत अध्यक्षाचंही काम असतं. कुणी कितीही कडू बोललं तरी अध्यक्षाने आधी प्रश्न मोठ्याने परत वाचायचा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचा. सूर कसा होता त्यावर बोलायचं असेल तर उत्तर आल्यावर बोला. मुलुंडवाले, तुमच्या सभेचं इतिवृत्त अजून मंजूर झालेलं नसेल. त्या मुलीचा पहिला प्रश्न त्यात शब्दशः आलाय का, ते आधी बघा. नसेल तर लेखी हरकत द्या, आणि तिला एकटीला सही करू देऊ नका.