तंबाखूच्या विक्रीतले पैसे शाळांतल्या आरोग्यशिक्षणाला मिळू शकतील का?

सातवी_ब_च्या_बाई

नमस्कार मंडळी. मी पुण्यात मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं हमाल, टेम्पोवाले आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांची. तंबाखूमुक्त शाळेचे निकष आम्ही दरवर्षी पूर्ण करतो. फाटकावर फलक, शपथ, प्रभातफेरी, पोस्टर स्पर्धा, सगळं होतं. फलकाचे पैसे शिक्षक वर्गणी काढून देतात. तरीही सातवीतल्या मुलाच्या कंपासपेटीत पुडी सापडते. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुठून शिकलास रे?" तर म्हणाला, "बाई, आजीची तंबाखू आणायला मीच जातो की." आजी ती तव्यावर भाजून मिश्री करते आणि सकाळी दातांना लावते. ज्याच्या घरी तो वास रोजचा, त्याला आमच्या शपथेनं काय फरक पडणार?

मला त्यांना खरोखर काही शिकवायचं आहे. आरशात आपलं तोंड कसं तपासायचं, न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा का दुर्लक्षित करायचा नाही, मिश्री सोडणाऱ्या आजीला पहिल्या आठवड्यात काय त्रास होतो आणि तेव्हा घरच्यांनी काय करायचं. त्यासाठी दंतवैद्य हवेत, आयांसाठी संध्याकाळी बसणारी समुपदेशक हवी. विचारलं की उत्तर येतं, तरतूद नाही.

कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदान करून सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंटचा जादा कर बसवला. त्यातला २० टक्के वाटा आरोग्यशिक्षणाला आणि ५ टक्के संशोधनाला, असं कायद्यातच लिहून ठेवलं. आपल्याकडे असं करता येईल का? महापालिका टपऱ्यांकडून फी घेऊन ती शाळांना देऊ शकते का? की हे राज्याचं काम? कायद्यातलं कुणाला कळत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

माजी_विक्रीकर

बाई, माझी सगळी नोकरी विक्रीकर खात्यात झाली, म्हणून लांबलचक लिहितो.

आधी हे सांगतो की एका कामासाठी कर बसवायचा आणि तो त्याच कामाला बांधून ठेवायचा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. तो १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९७२च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना उभी राहिली आणि १९७७च्या कायद्यात निधीची सोय झाली. या करातून जेवढं जमेल तेवढीच भर राज्यानं घालायची, असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला हा पैसा आहे. आज तो कापला जाताना कुणाला हे आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तंबाखूवरसुद्धा असा निधी होता. १९७६ साली केंद्रानं विड्यांवर उपकर बसवला आणि त्यातून विडी कामगारांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांना विचारा. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. तेव्हा सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई उपकर लागला, पण ती भरपाई राज्यांच्या बुडालेल्या महसुलाची होती, कुणाच्या फुप्फुसांची नव्हे. विडीला तर त्या उपकरातून वगळलंच होतं.

जीएसटीनंतर तंबाखूच्या विक्रीवर स्वतःचा कर बसवायचा अधिकार राज्याकडे उरला नाही. राहिली परवाना फी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७ साली राज्यांना कळवलं होतं की तंबाखू विकणाऱ्यांना वेगळा परवाना द्या आणि त्या दुकानात चॉकलेटं, चिप्स, शीतपेयं विकू देऊ नका. तुमच्या मुलांच्या दृष्टीनं ही सूचना फार मोलाची आहे. पण फी ही फीच असावी लागते. परवाना देणं, तपासणी करणं, या खर्चाशी तिचं नातं हवं. ती फुगवून शाळांना वाटायला गेलात, तर कुणीतरी कोर्टात जाईल आणि तो कर ठरेल.

ऑस्ट्रेलियात नेमकं हेच घडलं. व्हिक्टोरिया राज्यानं १९८७ साली तंबाखूच्या परवाना शुल्कातून विकहेल्थ नावाची संस्था काढली. १९९७ साली तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं सांगितलं की राज्यांची अशी शुल्कं म्हणजे उत्पादन शुल्कच आहे आणि ते घ्यायचा राज्यांना अधिकार नाही. शुल्क गेलं, पण विकहेल्थ त्यानंतरही चालू राहिली, कारण ती कायद्यानं उभी होती आणि सरकारला तिजोरीतून पैसे देणं भाग पडलं. म्हणून माझं मत असं, की पैसा कुठल्या नळातून येतो यापेक्षा तो खर्च करणारी संस्था आणि तिचा वाटा कायद्यात लिहिला आहे का, हे आधी बघा. नुसता उपकर बसवून भागत नाही. आपल्याकडे तंत्रज्ञानाच्या आयातीवर संशोधनासाठी १९८६चा उपकर होता, त्यातला अगदी छोटा हिस्सा ठरलेल्या कामाला पोचला. महालेखापरीक्षकांनी ते नोंदवलं आहे.

पद्मावतीचा_पोरगा

काका, माहिती छान दिलीत. माझ्या वडिलांची पद्मावतीला टपरी होती, त्याच टपरीवर आम्ही दोघं भावंडं शिकलो. फी म्हटलं की ती शेवटी टपरीवाल्याच्याच खिशातून जाते. एका सिगारेटमागे त्याला सुटतं किती? कंपनीकडून घ्या, घाऊकवाल्याकडून घ्या.

आणि गुटख्याचं काय? तो महाराष्ट्रात २०१२पासून बंद आहे आणि तरी मिळतो. त्याच्यावर ना कर, ना फी. शाळेपासून शंभर यार्डांत विकायचं नाही, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही, हा कायदा २००३चा. वडील लहान पोराला कधी द्यायचे नाहीत, पण "आजीनं मागवलंय" म्हटल्यावर मात्र द्यायचे, सगळेच देतात. बाईंच्या शाळेतला मुलगा असाच जात असणार. आधी तिथं काहीतरी करा.

दंतवैद्य_कोंढवा

टपरीवाल्यावर बोजा नको, हे मला पटतं. थायलंडनं २००१ साली ते तसंच केलं. तंबाखू आणि दारूच्या उत्पादन शुल्कावर २ टक्के जादा आकार, तो उत्पादक आणि आयातदारांनी द्यायचा आणि पैसे थेट थायहेल्थ या निधीत. दरवर्षी अर्थसंकल्पात हात पसरावा लागत नाही.

२०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या २४.४ टक्के लोकांकडे धूर न होणारी तंबाखू निघाली, धूम्रपान फक्त ३.८ टक्के. म्हणजे इथलं दुखणं मिश्री, चुना-तंबाखू आणि मावा आहे. फुप्फुसाची चित्रं दाखवणारे परदेशी धडे आपल्याला पुरत नाहीत. मिश्री कशी सुटते, सासू-सुना मिळून सोडतात तेव्हा जास्त टिकतं का, यावर इथल्या बायकांमध्ये काम व्हायला हवं, आणि त्यालाच पैसा मिळत नाही.

बाई, मुलांना एक करायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघायचं. जात नसतील, तर सुपारी-माव्यानं आतली त्वचा ताठरत असण्याची शक्यता आहे, लगेच दाखवायचं. पहिल्या तपासणीला मी येतो, फीचा प्रश्न नाही.

माजी_विक्रीकर

एक राहिलं. कॅलिफोर्नियातही पैसे आपसूक मिळाले नाहीत. १९९२ साली तिथल्या गव्हर्नरनं जाहिरात मोहीम थांबवली, तेव्हा फुप्फुसविकारांवर काम करणाऱ्या संस्थेला कोर्टातून ती परत सुरू करून घ्यावी लागली. पुढं विधिमंडळानं शिक्षण आणि संशोधनाचा वाटा उपचारांकडे वळवला, तेव्हा पुन्हा कोर्ट. वाटा मूळ कायद्यात लिहिलेला होता, म्हणूनच लोकांना हे भांडता आलं.

सातवी_ब_च्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. महापालिकेकडे मी फीचा अर्ज घेऊन जाणार होते. आता तिथं फक्त वेगळा परवाना आणि त्या दुकानातून खाऊ हटवणं, एवढंच मागते. आमदारांसाठी वेगळं निवेदन करते, त्यात रोजगार हमीचा दाखला देऊन आरोग्यशिक्षण आणि संशोधनाचा वाटा कायद्यात लिहावा अशी मागणी घालते. काका, मसुदा वाचून द्याल का? कलमांची भाषा मला जमणार नाही.

डॉक्टर, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कुठलाही शनिवार सांगा. आयांना साडेचारनंतर जमतं. आणि पद्मावतीच्या दादा, "आजीनं मागवलंय" हे मी पालकसभेत सरळ मांडणार आहे. तुम्ही येऊन दोन शब्द बोललात, तर माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतील.