माळावर तलावाचा गाळ टाकायचा का? मत सांगा

उत्तरसोलापूरकर
उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्याकडं जेसीबी लागतात, गाळ निघतो आणि टिपरनं थेट माळावर. तलाव खोल होतोय, चांगलंच आहे. पण माळ बुजवून बागायत करायची हे मला अजिबात पटत नाही. माळ म्हणजे पडीक नाही ओ. खाली बेसाल्ट, त्यावर मुरूम, वर जेमतेम वीतभर माती, त्याच्यावर कुसळी, पवन्या असलं गवत येतं आणि मेंढरं जगतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, आज तिथं माळढोक पक्षी दिसणं मुश्किल झालंय, गवतच राहिलं नाही तर तो राहणार कुठं?

भीमाकाठ
दादा, तलावातली माती आली कुठून मग? माळावरनंच की! आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा थोड्याच दणक्यांत पडतो आणि उघड्या माळाची बारीक माती ओढ्यानं खाली जाते. हिप्परग्याचा एकरूख तलाव 1871 चा, तेव्हापासून साठतच आलंय. हजारो वर्षं असंच वाहून येऊन मंगळवेढ्याकडची काळी जमीन खोल झाली, नुसत्या ओलीवर ज्वारी येते. शेतकरी आपलीच माती परत वर नेतोय, त्यात काय चुकलं?

सांगोला_डाळिंब
माती त्याचीच असली तरी सगळ्या पिकांना ती चालत नाही. डाळिंबाला निचऱ्याची हलकी जमीनच लागते, आमचा तालुका त्याच मुरमावर उभा राहिला. शेजारच्या रानात दोन फूट गाळ ओतला, एक मोठा पाऊस झाला आणि जादा पाणी निघून वाफसाच येईना. खड्डा घेऊन बघितलं तर वर काळा चिखल आणि खाली मुरूम कोरडा ठाक, मधे पाणी अडकलेलं. झाडं पिवळी पडून मर लागली.

बार्शीची_ताई
दोन फूट कोण टाकतं भाऊ? आम्ही चार-सहा इंच टाकून नांगरून मुरमात मिसळला, उताराला आडव्या ताली म्हणजे बांध घातले, तूर चांगली आली. नाहीतर माळाचा माणूस पुण्याला कामाला जातो, पक्ष्यासाठी त्यानं उपाशी राहायचं का?

उत्तरसोलापूरकर
ताई, स्वतःच्या रानात टाका, तुमचा हक्क आहे. माझं भांडण गायरानाशी आहे, ते हळूहळू नांगरायलेत. आणि खालच्या अंगाला काय चाललंय तेही बघा, उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला, काठची चांगली काळी रानं पाणी मुरून चिबाड व्हायलीत. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा किती जणांची माती खरवडून गेली हे माढा-मोहोळवाल्यांना विचारा.

भीमाकाठ
गायरानाचं मान्य. पण पुराचा दोष गाळाला देऊ नका, वर ताली फोडल्या, ओढे बुजवून प्लॉट पाडले, ते कोण बोलणार? तुमच्या गावात ओढा मोजणीप्रमाणं शिल्लक आहे का, तेवढं आधी सांगा.