खुनाच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, मावशीला अपील करायचं आहे. मदत हवी आहे

नमस्कार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून लिहितेय. सहा वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचा खून झाला. बावीस दिवसांपूर्वी सत्र न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडलं.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला जमलेली माणसं तेच बोलतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'निकाल विकत घेतला' असं रोज कोणीतरी टाकतं. परवा एकाने आरोपीच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचा फोटो टाकला. मी काढायला सांगितलं, तर मलाच ऐकवलं, 'भाऊ तुझा मेला ना?' हो, माझाच मेला. म्हणूनच सांगते, त्या पोरीचा यात काय दोष?

निकालपत्र मात्र त्यांच्यापैकी कोणी वाचलेलं नाही. चौऱ्याण्णव पानं, सगळी इंग्रजीत. मी तीन रात्री बसून मावशीला मराठीत सांगितली. पंचनाम्याचे साक्षीदार असलेले पंच फितूर झाले. भावाला आणि आरोपीला शेवटचं एकत्र पाहणाऱ्या साक्षीदाराने उलटतपासणीत वेळ बदलली. दुकानासमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावं लागणारं, पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं, म्हणून ते विचारातच घेतलं नाही. ते पान ऐकताना मावशीने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि विचारलं, "मागीर म्हज्या पुताक मारलो कोणें?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकालपत्रातही नाही.

गावातली पोरं म्हणतात मोर्चा काढू, दिल्लीत जेसिका लाल या तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात लोक मेणबत्त्या घेऊन उतरले म्हणून न्याय मिळाला. लोक उतरले हे खरं. पण फेब्रुवारी २००६ मध्ये सुटलेल्या आरोपीला डिसेंबरमध्ये दोषी ठरवलं ते उच्च न्यायालयाने, अपिलात. आपल्याकडे हणजूणला २००८ मध्ये ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला, तेव्हाही २०१६ मध्ये दोघेही सुटले होते. सीबीआय अपिलात गेली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला दहा वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्याची सुटका कायम राहिली, हेही मावशीला सांगून ठेवलंय. खोटी आशा तिला मला दाखवायची नाही.

आता अडचण सांगते. सरकारी वकिलांच्या कार्यालयात दोनदा गेलो. 'प्रस्ताव पाठवू' यापलीकडे काही कळलं नाही. सरकारला अपिलासाठी नव्वद दिवस असतात, त्यातले बावीस गेले. २००९ च्या अखेरीपासून बळीच्या कुटुंबालाही स्वतः अपील करता येतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३७२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४१३), एवढं एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं. पण ते दिवाणी कामं करतात, पुढचं त्यांना नक्की सांगता येईना.

तर कोणी यातून गेलं असेल तर सांगा. सरकारची वाट पाहावी की मावशीच्या नावाने आत्ताच अपील घालावं? दोन्ही अपिलं झाली तर एकत्र चालतात का? ते राहिलेलं प्रमाणपत्र अपिलाच्या टप्प्यावर दाखल करू देतात का? मला याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे, कारण फितूर झालेले पंच काही परत फिरणार नाहीत. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तर तसा अर्ज उच्च न्यायालयात कोणाकडे करायचा आणि वकील मनापासून काम करतो का, याचा अनुभव असेल तर तोही लिहा.

आणखी एक. ग्रुपवरच्या असल्या पोस्टचा आमच्या अपिलावर वाईट परिणाम होईल का? ॲडमिन नात्यातला आहे, तरी ऐकत नाही. त्याला काय सांगू?

सोमवारी मावशीला घेऊन पर्वरीला, उच्च न्यायालयात जातेय. निकालपत्राची सहीशिक्क्याची प्रत आहे, जबाबांच्या नकला अजून मिळालेल्या नाहीत. त्या मिळेपर्यंत थांबायला हवं का, एवढं तरी रविवारपर्यंत कोणीतरी सांगा.