समुद्रकिनाऱ्यावर गळाची स्पर्धा: तापीवर शिकलेल्याने काय तयारी करावी?

हतनूरकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून वडिलांसोबत तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकतोय. रोहू, मृगळ, नशीब असेल तर वाम. कणकेच्या गोळ्या, हलकं शिसं, काठीच्या टोकाला घुंगरू आणि तासन्‌तास शांत बसणं, एवढंच मला येतं.

माझे मेहुणे अलिबागकडे असतात. तिथल्या हौशी मंडळींच्या क्लबाची पुळणीवर स्पर्धा आहे आणि त्यांनी माझं नाव घालून टाकलंय. वद्य अष्टमी, रविवार, सकाळी सात ते बारा. एका वेळी एकच रॉड, जास्तीत जास्त तीन गळ, मासा पट्टीवर मोजायचा आणि जिवंत परत सोडायचा. जागा चिठ्ठ्या टाकून मिळणार.

माझा रॉड सात फुटी आहे. तो चालेल का? किती लांब फेकावं लागतं? आमिष काय? मेहुणे म्हणतात, "तू ये तर खरा, मग बघू." पण त्यांनी चार लोकांत माझं नाव सांगितलंय, मला रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही.

पांझराकाठचा (धुळे)

भाऊ, तुझ्यासारखाच मीही नदीवरून समुद्रावर गेलो. अशा तीन स्पर्धा खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सात फुटी रॉड घरी ठेव. लाटेच्या वर दोर राहायला बारा-तेरा फुटी लागतो. विकत घेऊ नको, मेहुण्यांकडे जादा असेलच. शिसं साधारण शंभर ग्रॅमच्या पुढे, बाजूला तारांचे पाय असलेलं. ते पाय वाळूत रुततात, नाहीतर ओढ सगळं आडवं वाहून नेते आणि शेजाऱ्याच्या दोरात गुंता होतो. स्पर्धेत त्यासारखी दुसरी लाज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुख्य दोराच्या पुढे जाड दोराचा तुकडा बांधायचा, त्याला शॉक लीडर म्हणतात. हिशोब सोपा आहे: शिशाच्या दर औंसाला दहा पौंड ताकद. चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम शिसं असेल तर किमान चाळीस पौंडी, मी पन्नास लावतो. लांबी रॉडच्या दुप्पट, वर रीलवर सात-आठ वेढे. पहिल्या स्पर्धेत मी हा तुकडा आखूड बांधला होता. जोर लावून फेकलं, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि शिसं एकटंच उडत गेलं. पुढे पाण्यात कोणी नव्हतं हे माझं दैव. ते शिसं माणसाला लागलं तर जीव जातो. फेकण्याआधी मागे वळून बघ, दर वेळी.

आणि लांब फेकायचा हट्ट धरू नको. माझ्या डाव्या हाताला साठीचे एक काका होते. मी ताकद लावून लाटांच्या पार टाकत होतो, ते तीस-पस्तीस पावलांवर अलगद सोडत होते. बारा वाजेपर्यंत त्यांच्या नावावर नऊ मुडदुश्या, माझ्या नावावर एक शिंगाळा. नंतर त्यांनीच दाखवलं: लाट एका ठिकाणी फुटते, मग मधल्या पट्ट्यात पाणी गुळगुळीत होतं आणि काठाजवळ पुन्हा फुटते. तो गुळगुळीत पट्टा म्हणजे वाळूतला चर. तिथे पाणी खोल, किडे-शिंपल्या उकरल्या जातात, मासे तिथेच चरतात. आपण हतनूरला जुन्या नाल्याचं तोंड शोधतो ना, तसंच.

घुंगरू विसर. रॉड तिवईवर उभा ठेव आणि शेंड्याकडे बघ. लाटेने शेंडा सावकाश वाकतो आणि सावकाश उठतो. मासा टक्‌टक्‌ करतो. कधीकधी उलटंच होतं, ताणलेला दोर एकदम सैल पडतो. म्हणजे माशाने शिसं उपटलंय आणि तो तुझ्याकडे येतोय. पटापट गुंडाळ.

खाडीवाला (रेवदंडा)

वरच्या दादांनी छान सांगितलं. मी भरतीचं बोलतो. आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा. सहाच्या सुमारास भरती पूर्ण. म्हणजे तुमची अख्खी स्पर्धा उतरत्या पाण्यावर आहे, आणि अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी उधाणासारखं जोरात ओढणार नाही. नक्की वेळ कोष्टकात बघा, पण अंदाज असा लावा: पहिला तासभर जवळच्या चरात गरवायचं. तो उथळ झाला की पाण्यामागोमाग पुढे सरकायचं आणि बाहेरच्या चरात टाकायचं. सातला जिथे उभे राहिलात तिथेच बारापर्यंत राहिलात तर गळ कोरड्यात.

आमिष सकाळी बाजारात कोळणींकडून ताजी कोळंबी घ्या. साल काढून बारीक रबरी धाग्याने गळाला गुंडाळा, नाहीतर फेकतानाच सुटते. मुडदुशीचं तोंड बारीक असतं, गळ लहानच हवा.

पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, वाळूत पुरलेली असते. तिचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. शिंगाळ्याच्या काट्यांनाही हात लावायचा नाही, चिमट्याने धरा.

पांझराकाठचा (धुळे)

एक राहिलं. मासा मोजायच्या आधी पट्टी आणि हात दोन्ही ओले कर. कोरड्या हाताने खवल्यांवरचा बुळबुळीत थर निघतो, मग सोडलेला मासा जगत नाही. आणि शनिवारीच ओहोटीच्या वेळी पुळणीवर चालून ये. पाणी गेलं की चर उघडे दिसतात. कुठल्या झाडाच्या समोर कुठला चर ते वहीत लिहून ठेव. चिठ्ठीत कुठलीही जागा निघो, तुला खाली काय आहे ते ठाऊक असेल. आमची आजी अहिराणीत म्हणायची, "पानी देखीसन पाय टाक."

हतनूरकाठ (भुसावळ)

दोघांचे मनापासून आभार. इथल्या एका मित्राकडून बारा फुटी रॉड आणला. आज पहाटे तापीच्या वाळवंटात, कोणी नाही असं बघून, शंभर ग्रॅम शिसं बांधून सराव केला. पहिल्या दहा फेकी वाकड्या गेल्या. मग लक्षात आलं, बोट दोरावरून उशिरा सुटत होतं. पुढच्या वीस सरळ गेल्या, पन्नास पावलं, कधी साठ. लीडरची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली, आता ती कड्यांतून अडखळत नाही.

खाडीवाले दादा, तुमच्या पाऊणपटीने शनिवारी, सप्तमीला, भरती सव्वापाचला येते, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या आसपास. बरोबर ना? तसं असेल तर शनिवारी सकाळी निघून उपयोग नाही. शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढतो आणि मेहुण्यांना तसं कळवतो.

खाडीवाला (रेवदंडा)

बरोबर. अकरालाच पुळणीवर या, पाणी अजून उतरत असताना चर जास्त चांगले कळतात.