करणीचा समज आधी खोडायचा की नाही? (चौघांची चर्चा; वरची नावं बोलणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

बिंदूचौक

कोल्हापुरात निराशेचा (डिप्रेशनचा) पेशंट समुपदेशकाकडे पोचतो तोवर देवऋषी, अंगारा, उतारा हे अनेकदा झालेलं असतं. घरच्यांनी कारणही ठरवलेलं असतं: कुणीतरी करणी केलीय. विवेकनिष्ठ पद्धत शिकलेला नवा समुपदेशक लगेच तो समज खोडायला बसतो. ही पद्धत काढणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणीच तशी आहे, की त्रास घटनेमुळं होत नाही, घटनेबद्दल आपण जे धरून बसतो त्यामुळं होतो.

माझं म्हणणं, पहिल्या तीन-चार भेटींत करणीचा विषय काढूच नये. माणसाला अंथरुणाला खिळवून ठेवतं ते त्याचं टाळणं. आधी आठवडाभराचा तक्ता भरून घ्यावा: कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा मन 0 ते 10 मध्ये कुठं होतं. त्यातून दोनच कामं निवडावीत, वेळ आणि जागा ठरवून. 'जरा फिरत जा' हे काम नव्हे. 'सकाळी साडेसहाला संस्थेत दूध घालायला स्वतः जायचं, मन लागो न लागो' हे काम. बिघडतं ते उत्साहात पाच-सहा कामं दिल्यावर. दोन जमत नाहीत आणि 'माझ्यानं काहीच होत नाही' हे आणखी पक्कं होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांच्या 1996 च्या अभ्यासात विचार बदलायचा भाग वगळून फक्त कृती वाढवलेल्या गटाला पूर्ण उपचाराइतकाच गुण आला. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच धर्तीचा 6 ते 8 भेटींचा कार्यक्रम मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी चालवला. 2017 मध्ये छापून आलेले त्याचे निष्कर्ष चांगले आहेत.

विवेकवाट

अजिबात पटलं नाही. करणी म्हटलं की ती करणारा माणूस लागतो. नाव निघतं जावेचं, नाहीतर बांधाला बांध असलेल्या भावकीतल्या कुणाचं. येणंजाणं बंद, त्यांच्या हातचं खाणं बंद. पेशंटला ज्यांचा आधार झाला असता तीच माणसं तुटतात. हे चार भेटी तसंच चालू द्यायचं? राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेतच. अमका करणी करतो असं सांगून त्याच्याविषयी संशय निर्माण करणं हाही गुन्हा आहे. कायद्यानं ज्याला हात घातला, त्याला उपचारानं घालू नये हे कसं काय?

शिवाय सगळे पेशंट निराशेचे नसतात. कानात आवाज येतात, जेवणात कुणीतरी काही घालतंय अशी खात्री आहे, अशा पोराच्या बाबतीत 'ही अमावास्या जाऊ दे' म्हणत घालवलेले महिने फार महाग पडतात. उपचाराविना काळ जितका लांबतो, तितका पुढं गुण कमी येतो.

कात्यायनी

तुम्ही दोघंही समजाबद्दल बोलताय, आजाराबद्दल नाही. विवेकवाट दादा म्हणतात तसल्या भासभ्रमात समजाशी वाद घालायचा नसतो आणि होकारही द्यायचा नसतो. 'तुम्हाला झोप नाही, भीती वाटतेय, आधी त्यावर इलाज करू' एवढंच म्हणून त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं.

मंत्रचळात, म्हणजे एकच धास्ती आणि तीच कृती पुन्हा पुन्हा होत राहते त्या आजारात (ओसीडी), तर वाद घालण्यानंच दुखणं वाढतं. विटाळाची धास्ती घ्या. बाई बाहेरून आली की तासभर हात धुते, पुन्हा आंघोळ करते. समुपदेशक पटवून देतो की विटाळ असं काही नसतं. दहा मिनिटं तिला बरं वाटतं, मग 'पण नक्की ना?' आणि ती पुन्हा विचारते. ते पटवणं हेच एक नवं धुणं होऊन बसतं. घरच्यांचं 'झालं गं स्वच्छ' तेही त्यातलंच.

इथं पायऱ्या लावाव्या लागतात. धास्तीला 0 ते 100 गुण देऊन दहा-बारा प्रसंगांची यादी करायची आणि 30-40 वाल्यापासून सुरुवात. समजा, दारातली चप्पल हातानं उचलून ठेवायची आणि हात धुवायचा नाही. बेचैनी चढते. 45 ते 90 मिनिटं तिथंच थांबायचं, दर दहा मिनिटांनी आकडा विचारायचा. मध्येच धुऊ दिलं तर धडा उलटा मिळतो, 'धुतलं म्हणून वाचले'. घरी रोज तेच. फसतं कुठं? हात धूत नाही पण मनात जप चालू असतो, पदराला बोटं पुसली जातात, नाहीतर सून दया येऊन नळ सोडून देते. हे तिन्ही विचारून काढावं लागतं.

आणि रोजच्या पूजेला हात लावायचा नाही. घरातल्या इतर देवभोळ्या बायका जेवढं सोवळं पाळतात तेवढं राहू द्यायचं, त्यावरचं काढायचं. ती हद्द सासूबाईंना विचारून ठरवली तर घरही बाजूला येतं.

विवेकवाट

मंत्रचळाचं मान्य, ताई. पण समजाला हात घालणं म्हणजे भाषण देणं नव्हे. भीतीचा झटका बघा: छाती धडधडते, माणूस म्हणतो अटॅक आला. ईसीजी, थायरॉइड बघून झालं आणि दमा, फिट्स, हृदयविकार नसल्याची खात्री झाली की त्याला मिनिटभर जोरात श्वास घ्यायला लावतात. आधी कागदावर लिहून घ्यायचं: अटॅक येईल याची खात्री किती टक्के? तीच धडधड, त्याच मुंग्या येतात आणि काही होत नाही. टक्के पुन्हा विचारायचे. शरीरातल्या साध्या खुणांचा भलताच अर्थ लावल्यानं झटका येतो, या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर हे उभं आहे.

करणीचंही तसंच करता येईल. 'अमावास्येला वाढतं' म्हणणाऱ्याकडून दोन महिने रोज रात्री त्रासाचा आकडा घ्या आणि शेवटी कालनिर्णय समोर धरा.

चांगभलं

श्रद्धेची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूतल्या एका मंदिराचा अभ्यास आला होता. गंभीर मनोविकाराचे 31 लोक तिथं सरासरी सहा आठवडे राहिले, औषधाविना, आणि लक्षणांचे गुण जवळपास 20 टक्क्यांनी उतरले. जोतिबाच्या यात्रेत ज्यांच्या अंगात येतं, ती माणसं दुसऱ्या दिवशी शेतावर कामाला असतात. त्यांना आजारी ठरवू नका.

विवेकवाट

यात्रेपुरतं येतं आणि तिथंच ओसरतं, त्याला आजार कुणीच म्हणत नाही. पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि त्याच राज्यात एरवाडीला 2001 मध्ये साखळीनं बांधलेले 28 रुग्ण आगीत गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला पूर्ण बंदी घातली आहे.

बिंदूचौक

अमावास्येच्या नोंदीत एक धोका आहे. त्या दिवशी वाढणार ही धास्ती स्वतःच त्रास वाढवते, त्यामुळं आकडा खरंच चढलेला निघू शकतो. मग काय करणार? तिथं फक्त 'त्या दिवशी काय काय टाळलंत?' हे विचारून पुढच्या अमावास्येला त्यातलं एक काम करून बघायचं. म्हणजे पुन्हा कृतीच.

कात्यायनी

समुपदेशकाच्या सिद्धांताचाही पेशंटवर असाच परिणाम होतो. 2014 च्या एका अमेरिकन प्रयोगात, पूर्वी निराशा येऊन गेलेल्या किंवा तेव्हाही असलेल्या विद्यार्थ्यांच्या गालातून नमुना घेऊन काहींना खोटंच सांगितलं की तुमच्यात सेरोटोनिन कमी आहे. स्वतःला दोष देणं त्यानं कमी झालं नाही. उलट बरं होण्याची आशा घटली आणि आपलं मन आपण सावरू शकतो हा भरवसाही. म्हणून 'मेंदूतलं रसायन बिघडलंय' एवढंच सांगून पेशंटला गोळ्यांची चिठ्ठी देऊ नये.

आपलीच पद्धत खरी असं वाटायला लागलं की मोजमाप करावं. नऊ प्रश्नांची निराशेची प्रश्नावली आहे, एकूण गुण 27. दर भेटीला ती भरून घ्या. चार-पाच भेटींत 5 गुणही उतरले नाहीत तर पद्धत बदला. नववा प्रश्न जिवाच्या बरंवाईटाचा आहे. तिथं 0 सोडून काहीही आलं तर बाकी सगळं थांबवून आधी त्याच्यावर बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर घरच्यांना लिहून द्या.

विवेकवाट

प्रश्नावली मान्य. पण तिच्यात जावेशी अबोला किती दिवस, हे येत नाही. गुण 18 वरून 9 वर आले आणि भावकीतलं जेवण अजून बंदच असेल, तर मी त्याला बरा झाला म्हणणार नाही. तक्त्यात खाली एक ओळ वाढवा: या आठवड्यात ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्यापैकी किती जणांशी बोललात. बिंदूचौक सर, चौथ्या भेटीलाही तिथं शून्यच असेल, तर करणीचा विषय तुम्हाला काढावाच लागेल.