शब्दचर्चा : लाळ, थुंकी आणि वर्णलेखन

प्रश्न : लाळेतील अमिनो आम्लांचे (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचे) मापन द्रव वर्णलेखनाने (लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातील घटक वेगळे करण्याची पद्धत) कसे करतात, यावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. 'लाळ' लिहावे की 'थुंकी'? आणि अमिनो आम्ले शुद्ध रूपात रंगहीन असताना त्यांच्या विश्लेषणाला 'वर्णलेखन' म्हणणे योग्य ठरते का?

उत्तर : 'लाळ' हाच शब्द ठेवावा. लाळ म्हणजे लालाग्रंथींतून तोंडात स्रवणारा द्रव, मग तो गळो वा गिळला जावो. तान्ह्या मुलाच्या गळ्यात बांधतात ते लाळेरे याच अर्थाचे. थुंकी म्हणजे तोंडाबाहेर टाकलेले, आणि तीत कफही येतो. क्षयरोगाच्या तपासणीसाठी थुंकी मागतात तेव्हा प्रत्यक्षात छातीतून खोकून काढलेला बेडका हवा असतो. तोच अर्थ मनात धरून कोणी नमुना दिला, तर अमिनो आम्लांच्या मापनासाठी तो निरुपयोगी ठरेल.

मात्र नुसते 'लाळ' म्हणूनही भागत नाही. एकाच ग्रंथीच्या नलिकेतून घेतलेली लाळ वेगळी आणि तोंडातील संपूर्ण लाळ वेगळी, कारण दुसरीत जिवाणू आणि गळून पडलेल्या पेशीही असतात. हे जिवाणू नमुना घेतल्यानंतरही प्रथिने आणि अमिनो आम्ले मोडत राहतात, म्हणून नमुना लगेच बर्फात ठेवतात आणि अपकेंद्रित्रात फिरवून वरचा स्वच्छ द्रव वेगळा करतात. काही चघळायला देऊन स्रववलेली लाळ आणि स्वस्थ बसून जमवलेली लाळ यांची घटनाही सारखी नसते.

'वर्णलेखन' या शब्दाबाबत शंका रास्त आहे, पण मला तो मनापासून योग्य वाटतो. वॉर्सा येथे काम करणाऱ्या मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांतील रंगद्रव्ये झिरपवली, तेव्हा रंगांचे पट्टे वेगळे झाले आणि 1906 मध्ये या पद्धतीला 'रंग' व 'लिहिणे' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव मिळाले. (रशियनमध्ये 'त्स्वेत' याचाही अर्थ रंगच!) पुढे 1941 मध्ये मार्टिन आणि सिंज या रसायनशास्त्रज्ञांनी अमिनो आम्लांची अ‍ॅसिटिल रूपे सिलिका जेलच्या स्तंभात (अशाच भरलेल्या नळीत) वेगळी केली; पट्टे दिसावेत म्हणून त्यांनी स्तंभात मिथिल ऑरेंज हा आम्लाने रंग बदलणारा दर्शक मिसळला होता. स्टाइन आणि मूर या रसायनशास्त्रज्ञांच्या पद्धतीत स्तंभातून बाहेर पडणाऱ्या अमिनो आम्लांची निनहायड्रिन या रसायनाशी अभिक्रिया घडवतात, तेव्हा बहुतेकांना जांभळा रंग येतो आणि प्रोलिन या अमिनो आम्लाला पिवळा; म्हणूनच प्रकाशाचे एक मोजमाप 570 नॅनोमीटर तरंगलांबीवर आणि दुसरे 440 वर घेतात. अर्थात या पद्धतींत रंग मुळात नसल्याने तो मुद्दाम आणावा लागतो, आणि स्टाइन-मूर पद्धतीत त्या रंगाच्या तीव्रतेवरूनच प्रमाण कळते.

प्रतिप्रश्न : मग 'ओळख' आणि 'मापन' हे शब्द एकाच अर्थाने वापरावेत का?

उत्तर : नाही. स्तंभातून बाहेर पडणाऱ्या घटकांची नोंद करणाऱ्या आलेखावरील शिखर किती वेळाने उमटले, या धारणकालावरून अमिनो आम्ल ओळखतात. त्या शिखराखालील क्षेत्रफळाची ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी तुलना केली की मापन होते. शिवाय 'मुक्त' (म्हणजे प्रथिनांत न गुंतलेली) हे विशेषण गाळू नये. लाळेत प्रोलिनने समृद्ध अशी प्रथिने भरपूर असतात. आम्लात उकळून ती आधी तोडली, तर बद्ध अमिनो आम्लेही मोजली जातात आणि आकडा पूर्ण बदलतो. टिपणाचे शीर्षक 'संपूर्ण लाळेतील मुक्त अमिनो आम्लांचे द्रव वर्णलेखनाने मापन' असे ठेवावे.